रक्तातले इवलेसे आरएनए आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग

शौचावाटे रक्त पडलं की आपल्याकडे घरात पहिलं नाव निघतं ते मूळव्याधीचं. मग इसबगोल, मलम, पथ्य, कुणीतरी सुचवलेला काढा. बहुतेकांना खरोखर मूळव्याधच असते, त्यामुळे या सवयीला दोष तरी किती द्यायचा? पण काही जणांच्या आतड्यात त्या काळात गाठ वाढत असते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग झालेल्या ८०० रुग्णांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय होतं ४७. पाश्चात्त्य देशांत हा आजार प्रामुख्यानं साठी-सत्तरीतला मानला जातो. शिवाय या रुग्णांपैकी पाव हिश्श्याहून जास्त जणांचा आजार रुग्णालयात येईपर्यंत शरीरात इतरत्र पसरलेला होता.

उशीर झाला की काय होतं, ते अमेरिकेतल्या आकड्यांवरून स्पष्ट दिसतं. गाठ आतड्यापुरतीच असताना सापडली, तर पाच वर्षांनंतर १०० पैकी सुमारे ९० रुग्ण हयात असतात. यकृतापर्यंत किंवा फुफ्फुसापर्यंत पोचल्यावर सापडली, तर १५च्या आसपास. शिवाय हा कर्करोग एका रात्रीत होत नाही. आतड्याच्या अस्तरावर आधी एक छोटा कोंब येतो, त्याला पॉलिप म्हणतात. त्यातल्या काही पॉलिपांचं कर्करोगात रूपांतर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. म्हणजे आजार पकडायला वेळ भरपूर असतो.

मग अडतं कुठे? कोलोनोस्कोपी ही सर्वांत खात्रीची तपासणी आहे, कारण तिच्यात पॉलिप दिसतो आणि तिथल्या तिथे काढूनही टाकता येतो. पण आदल्या दिवशी पोट साफ करण्याचं औषध प्यायचं, कामाचा खाडा करायचा, खर्च करायचा, संकोच गिळायचा आणि जवळच्या शहरात दुर्बिणीचा डॉक्टर आहे का ते शोधायचं, असा सगळा प्रपंच असतो. विष्ठेतलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी फिट ही तपासणी स्वस्त आणि चांगली आहे, पण डबीत नमुना भरून द्यायचा म्हटलं की अनेक जण टाळतात. रक्त द्यायला मात्र कुणी फारसं का-कू करत नाही. साखर, थायरॉईड, कोलेस्टेरॉलसाठी आपण हात पुढे करतोच, त्याच नळीतून हाही आजार कळला तर?

ही इच्छा जुनी आहे. १९६५ साली सापडलेलं सीईए नावाचं प्रथिन आजही रक्तात मोजतात. शस्त्रक्रियेनंतर आजार उलटतोय का, हे पाहायला ते उपयोगी पडतं. पण सुरुवातीच्या गाठीत ते बहुधा वाढलेलं नसतं आणि धूम्रपान करणाऱ्या निरोगी माणसात वाढलेलं असू शकतं. त्यामुळे निरोगी लोकांच्या चाळणीसाठी, म्हणजे स्क्रीनिंगसाठी, ते कुचकामी ठरलं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या जागेसाठी ज्या रेणूंकडे आशेनं पाहिलं गेलं, त्यांत मायक्रोआरएनए अगदी पुढे आहेत.

बावीस अक्षरांचा लगाम

शाळेत शिकलेलं थोडं आठवू या. पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो. त्यातल्या एखाद्या जनुकाची नक्कल उतरवली जाते, ती नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. तो वाचून पेशी प्रथिन तयार करते. ही नक्कल हजारो अक्षरांची असू शकते. मायक्रोआरएनए मात्र जेमतेम २२ अक्षरांचा असतो आणि त्यापासून कोणतंही प्रथिन बनत नाही. त्याचं काम लगाम घालण्याचं. आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसून तो संदेशवाहक आरएनएच्या शेपटाकडच्या भागावर स्वतःच्या अक्षरांशी जुळणारी जागा शोधतो. सुरुवातीची सात-आठ अक्षरं जुळली तरी पुरतं. मग तो संदेश वाचला जात नाही किंवा लवकर नष्ट होतो. जुळणी इतकी थोडी लागत असल्यामुळे एकच मायक्रोआरएनए शेकडो संदेशांवर वचक ठेवू शकतो.

हे रेणू सापडले ते माणसात नव्हे, तर जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या, मातीत राहणाऱ्या एका कृमीत. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेनं पहिला मायक्रोआरएनए शोधला आणि गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेनं तो कुठल्या संदेशाला आवरतो ते दाखवलं. कृमीतली ही गंमत कृमीपुरतीच असेल, असं तेव्हा बहुतेकांना वाटलं. पुढे २००० साली रुव्हकुन यांच्याकडे दुसरा मायक्रोआरएनए सापडला, तो माणसासकट अनेक प्राण्यांत जसाच्या तसा निघाला आणि मग या क्षेत्राकडे रीघ लागली. दोघांना २०२४चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. एका क्षुल्लक वाटणाऱ्या जीवावर चिकाटीनं काम करणाऱ्यांचं हे श्रेय आहे, आणि ते इथे आवर्जून नोंदवावंसं वाटतं.

कर्करोग म्हणजे पेशींची बेलगाम वाढ. त्यामुळे लगामांत बिघाड असणार, हा तर्क लवकरच सुचला. २००३ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की मोठ्या आतड्याच्या गाठींत मिर-१४३ आणि मिर-१४५ हे दोन मायक्रोआरएनए निरोगी अस्तराच्या तुलनेत कमी असतात. (मायक्रोआरएनएंना अशीच क्रमांकाची नावं असतात, त्यांचं दडपण घेऊ नका.) काही मायक्रोआरएनए उलट वाढतात. मिर-२१ हे त्यांतलं सर्वांत गाजलेलं नाव, तो पेशींची वाढ रोखणाऱ्या प्रथिनांनाच दाबतो. दुसरा मिर-९२ए. त्याचं जनुक १३व्या गुणसूत्रावर अशाच इतर काही जनुकांच्या झुबक्यात बसलेलं असतं आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगात या गुणसूत्राच्या जादा प्रती अनेकदा आढळतात. प्रती जादा म्हणून रेणूही जादा. बिघडलेल्या पेशीला आत्महत्या करायला लावणारं एक प्रथिन असतं, मिर-९२ए ते दाबून ठेवतो आणि मरायला हवी होती ती पेशी जगत राहते.

पेशीतला रेणू रक्तात टिकतो कसा?

हा प्रश्न कुणालाही पडावा. आरएनए अतिशय नाजूक असतो आणि त्याचे तुकडे करणारी विकरं रक्तात मुबलक असतात. उघडा आरएनए रक्तद्रवात, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या रक्ताच्या पातळ भागात, टाकला तर बघता बघता नाहीसा होतो. त्यामुळे रक्तात आरएनए शोधणं हा वेळेचा अपव्यय वाटणं साहजिक होतं.

२००८ साली सिअॅटलमधल्या एका गटानं केलेला प्रयोग मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर वाटतो. त्यांनी माणसाच्या प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशी उंदरांमध्ये वाढवल्या आणि मग उंदरांच्या रक्तात असे मायक्रोआरएनए शोधले, जे माणसात असतात पण उंदरात नसतात. ते सापडले. उंदराच्या रक्तात माणसाचा रेणू सापडतो, म्हणजे तो गाठीतूनच आलेला असणार, दुसरा मार्गच नाही. याच गटानं रक्तद्रव २४ तास साध्या तापमानाला ठेवून पाहिला, आठ वेळा गोठवून वितळवून पाहिला, तरी त्यातले मायक्रोआरएनए जवळपास तितकेच राहिले. त्याच सुमारास चीनमधल्या नानजिंगच्या संशोधकांनीही सीरममधल्या मायक्रोआरएनएंचा असाच टिकाऊपणा दाखवला.

टिकाऊपणाचं रहस्य त्यांच्या सोबत्यांत आहे. काही मायक्रोआरएनए पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांत असतात, काही चांगल्या कोलेस्टेरॉलच्या कणांना चिकटून फिरतात. पण मोठा हिस्सा पेशीतल्या त्या आर्गोनॉट प्रथिनालाच बिलगून असतो, हे २०११ साली स्पष्ट झालं. प्रथिनाच्या कुशीत बसलेल्या रेणूपर्यंत विकरांचे दात पोचत नाहीत.

रुग्णांवरचे निकाल लवकरच आले. २००९ साली हाँगकाँगमध्ये ९० रुग्ण आणि ५० निरोगी माणसांच्या रक्तद्रवात मिर-९२ए मोजला गेला. दर १०० रुग्णांमागे ८९ ओळखले गेले आणि दर १०० निरोगी माणसांमागे ७० जणांना चाचणीनं बरोबर निरोगी ठरवलं. आतड्याला सूज असलेले आणि जठराचा कर्करोग असलेले काही रुग्णही त्यांनी तुलनेसाठी घेतले होते, ही त्या अभ्यासाची जमेची बाजू. शस्त्रक्रियेनंतर या रेणूचं प्रमाण उतरतं, हेही त्यांना दहा रुग्णांत दिसलं. पुढच्या वर्षी शांघायच्या संशोधकांनी मिर-९२एच्या जोडीला मिर-२९ए घेतला. १०० रुग्ण आणि ५९ निरोगी माणसांत मिळून ओळख ८३ टक्के, आणि निरोगी माणसाला निरोगी म्हणण्याचं प्रमाण सुमारे ८५ टक्के. धोक्याचे पॉलिप असलेल्या ३७ जणांतही त्यांना सुमारे ७३ टक्के यश मिळालं. मग निबंधांचा पूर आला. मिर-२१, मिर-९२ए, मिर-२९ए अशी अनेक नावं, आणि बहुतेक ठिकाणी ऐंशी-नव्वद टक्क्यांचे आकडे.

एवढं सगळं असूनही आज तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ही तपासणी नाही. याचं कारण समजून घेणं मला मूळ शोधाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

हा रेणू आला कुठून?

रक्त हे अनेक ओढे मिळून झालेल्या नदीसारखं आहे. पुलावर उभं राहून ओंजळभर पाणी घेतलं तर त्यात सगळ्याच गावांचं पाणी असतं. मिर-९२ए आतड्याच्या गाठीत बनतो हे खरं, पण तो तांबड्या पेशींतही भरपूर असतो. आणि रक्तात तांबड्या पेशी किती, ते वेगळं सांगायला नको.

२०१२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी वेगवेगळ्या अवयवांच्या गाठींसाठी रक्तातल्या खुणा म्हणून छापून आलेल्या ७९ मायक्रोआरएनएंची यादी तपासली. त्यांतले ४६, म्हणजे ५८ टक्के, रक्तपेशींतच मोठ्या प्रमाणात बनतात असं निघालं. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तर रक्तद्रवातलं यांतल्या काहींचं प्रमाण पन्नास पटींपर्यंत बदलू शकतं. पन्नास पट! रुग्ण आणि निरोगी माणूस यांच्यातला जो फरक शोधायचा असतो, तो अनेकदा दोन-चार पटींचा असतो.

आता नेहमीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. कलेक्शन सेंटरवर सकाळी गर्दी आहे. एखाद्याची शीर सापडत नाही म्हणून बारीक सुई लावून सिरिंज जोरात ओढली जाते. जांभळ्या झाकणाची नळी हलक्या हातानं उलटसुलट करायची, तर ती घाईत जोरात हलवली जाते. मग नमुने जमेपर्यंत थांबून ते दुचाकीवरून मुख्य प्रयोगशाळेत जातात आणि तिथे सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून रक्तद्रव वेगळा होईपर्यंत काही तास गेलेले असतात. साखर किंवा थायरॉईडसाठी हे बऱ्याचदा चालून जातं. मायक्रोआरएनएसाठी चालत नाही. सिअॅटलच्या प्रयोगातला टिकाऊपणा हा पेशी काढून टाकलेल्या रक्तद्रवाचा होता. पेशी अजून नळीतच असतील तर त्या फुटत राहतात आणि स्वतःचा माल त्यात ओतत राहतात. रक्तद्रव पिवळसर असावा, तो किंचित गुलाबी दिसला तरी शंका घ्यावी लागते. कधीकधी डोळ्यांना काही दिसत नाही आणि तरीही गडबड झालेली असते. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा रक्तद्रवात उतरलेलं हिमोग्लोबिन प्रकाशाच्या साहाय्यानं मोजतात. किंवा तांबड्या पेशींत ओतप्रोत असणारा मिर-४५१ आणि पेशी फुटण्यानं फारसा न हलणारा मिर-२३ए यांचं प्रमाण ताडून पाहतात.

दुसरी अडचण मोजमापाची. हा रेणू पीसीआर यंत्रावर मोजतात. कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी ऐकलेली सीटी व्हॅल्यू इथेही असते, आकडा जितका लहान तितका रेणू जास्त. पण प्रत्येक नमुन्यातून आरएनए सारखाच निघत नाही, त्यामुळे तुलनेसाठी एक स्थिर आधार लागतो. अनेक अभ्यासांनी मिर-१६ हा आधार धरला, कारण तो सगळ्यांच्या रक्तात भरपूर असतो. आता तो भरपूर का असतो, तर तोही तांबड्या पेशींत बनतो म्हणून. म्हणजे पेशी फुटल्या की आधारच वर सरकणार आणि त्याच्याशी तुलना केलेला गाठीचा रेणू कमी दिसणार. एकाच रोगासाठी एका शहरात वाढलेला रेणू दुसऱ्या शहरात कमी का निघतो, या कोड्याचं बरंचसं उत्तर अशा तपशिलांत दडलेलं आहे. यावर एक उपाय म्हणून नमुन्यात त्या मातीतल्या कृमीचा एक मायक्रोआरएनए कृत्रिमरीत्या बनवून ठरावीक मापानं मिसळतात. तो माणसात नसतोच, त्यामुळे शेवटी त्यातला किती हाती लागला यावरून आरएनए काढण्याचं काम नीट झालं की नाही ते समजतं. पेशी फुटण्याचा प्रश्न मात्र त्यानं सुटत नाही.

आणि मिर-२१चं काय? तो स्तन, फुफ्फुस, स्वादुपिंड अशा कित्येक कर्करोगांत वाढतो, हृदयाच्या विकारांत आणि नुसत्या दाहातही वाढतो. शरीरात काहीतरी बिघडलंय एवढं तो सांगेल, कुठे ते नाही. म्हणूनच आता एकट्यादुकट्या रेणूऐवजी चार-सहा रेणूंचा संच मोजून त्यातून एक गुण काढण्याकडे कल आहे.

आकड्यांचा चकवा

आता थोडी बेरीज-वजाबाकी. ज्या वयात ही चाळणी करतात, त्या वयाच्या, काहीही त्रास नसलेल्या १०,००० माणसांत अंदाजे ७० जणांना हा कर्करोग असतो असं धरू. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासांत साधारण असंच प्रमाण सापडलं होतं. भारतात ते याहून कमी असेल. या सगळ्यांची ८३ टक्के ओळख आणि ८५ टक्के अचूक नकार असलेली रक्ततपासणी केली. ७० पैकी ५८ जण सापडले, १२ निसटले. वाईट नाही. पण उरलेल्या ९,९३० निरोगी माणसांपैकी १५ टक्के, म्हणजे जवळपास १,४९० जणांनाही चाचणी संशयित म्हणणार. एकूण संशयित सुमारे १,५४८ आणि त्यांत खरे रुग्ण ५८, म्हणजे शंभरात चारही नाहीत. बाकीच्यांच्या घरी कोलोनोस्कोपी होईपर्यंत झोप उडालेली.

रुग्णालयात आधीच निदान झालेले १०० रुग्ण आणि शेजारी ५९ धडधाकट माणसं घेऊन केलेल्या अभ्यासात ही बाजू दिसूच शकत नाही. शिवाय अशा रुग्णांत वाढलेल्या गाठीवाले जास्त असतात आणि त्यांना ओळखणं सोपं असतं. रस्त्यावरच्या माणसात ज्या छोट्या गाठी शोधायच्या, त्या अवघड.

रक्ततपासणीचा सगळा मार्गच बंद आहे, असं मात्र नाही. जुलै २०२४मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं शिल्ड नावाच्या रक्ततपासणीला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या चाळणीसाठी मान्यता दिली. ती मायक्रोआरएनए पाहत नाही, रक्तातले डीएनएचे तुकडे पाहते. तिच्या अभ्यासात ७,८६१ सर्वसामान्य लोकांचे निकाल तपासले गेले. कर्करोग असलेल्या ६५ पैकी ५४ जण तिनं ओळखले. धोक्याच्या पॉलिपांपैकी मात्र १३ टक्केच. हा दुसरा आकडा मला जास्त बोचतो, कारण पॉलिप काढून टाकला तर त्यातून कर्करोग होतच नाही.

मायक्रोआरएनएंना संधी आहे ती इथेच. डीएनएचे तुकडे मुख्यतः मरणाऱ्या पेशींतून सुटतात आणि छोट्या पॉलिपात मरणाऱ्या पेशी थोड्या. मायक्रोआरएनए मात्र जिवंत पेशीही बाहेर सोडतात, त्यामुळे तत्त्वतः त्यांची खूण लवकर दिसायला हवी. शांघायचा ३७ जणांतला आकडा याच दिशेचा आहे, पण ३७ माणसांवर धोरण ठरत नाही. पन्नाशीच्या आत होणाऱ्या कर्करोगासाठी चार मायक्रोआरएनएंचा एक संचही अलीकडे अभ्यासला गेला आहे. टाटाच्या रुग्णांचं वय पाहता हे काम आपल्या फार जवळचं आहे.

तोवर काय करायचं? भारतात या कर्करोगासाठी राष्ट्रीय चाळणी कार्यक्रम नाही, सरकारी चाळणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांपुरती आहे. त्यामुळे बरंचसं आपल्याच हाती आहे. शौचावाटे रक्त, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकलेला बदल, कारण न सापडणारा रक्तक्षय किंवा घटणारं वजन यांपैकी काही असेल तर कुठल्याही रक्ताच्या पॅकेजच्या मागे न लागता डॉक्टरांना गाठा. त्यांनी बोटानं गुदाशय तपासायचं म्हटलं तर संकोच करू नका. आपल्याकडच्या रुग्णांत गुदाशयाच्या गाठींचं प्रमाण मोठं आहे आणि खालच्या भागातल्या गाठी या दोन मिनिटांच्या, बिनखर्चाच्या तपासणीत हाताला लागतात. आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा आजार झाला असेल, त्यातही तरुणपणी, तर त्रास नसला तरी कोलोनोस्कोपी कधी करायची ते विचारून ठेवा.

मायक्रोआरएनएची तपासणी आपल्यापर्यंत यायची असेल तर ती आपल्या माणसांवर पारखून यायला हवी. हाँगकाँगच्या अभ्यासानं निरोगी माणसांसोबत आतड्याची सूज असलेलेही घेतले, तसं इथे तुलनेच्या गटात पोटाचा क्षयरोग, अमीबाचा आतड्याचा दाह, वर्षानुवर्षांची मूळव्याध आणि मुख्य म्हणजे रक्तक्षय असलेली माणसं असावी लागतील. तांबड्या पेशींवर इतकं अवलंबून असलेलं मोजमाप हिमोग्लोबिन आठ असलेल्या बाईच्या रक्तात काय सांगतं, हे तिच्याच रक्तात तपासल्याशिवाय कळणार नाही. आणि नमुने चकचकीत संशोधन केंद्रात घेऊन भागणार नाही. ते तालुक्याच्या गावातल्या त्याच कलेक्शन सेंटरवर, त्याच गर्दीत घ्यावे लागतील, कारण उद्या ही तपासणी सुरू झाली तर रक्त तिथेच काढलं जाणार आहे.